रावणाची कढी

पडद्याच्या उजव्या अंगाने एक म्हातारी बाहुली तुरुतुरु आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्या आवाजात ओरडली, “पुरे! बंद कर तां!” लगेच वरून पडदा पडला. रियाधच्या त्या गारढोण थेटरात तीनशे-साडेतीनशे माणसं होती. काळ्या अबायातल्या बाया, पांढऱ्या झग्यातले बाप, मलबारी, मिसरी, फिलिपिनी, आणि सगळ्यांची पोरं. सगळी एकदम फुटली हसून. माझी नात पिंकी खुर्चीतून उडालीच. “आजी, दॅट्स यू!” मी हसले नाही. आवाज माझा, हे कळायला मला वेळ लागला नाही. आपला आवाज माणूस ओळखत नाही म्हणतात, पण मी जन्मभर ओरडत आले, मला तो चांगला ठाऊक आहे. काळजाचा लचका तुटला तो आवाजाने नव्हे. त्या ओरडण्याच्या मागून एक बारीकशी खणखण आली, पितळी टाळ फरशीवर पडून गरगरत गरगरत थांबते तशी. ती टाळ माझ्या हातातून पडली होती. कुठे पडली, कधी पडली, कुणासमोर पडली, सगळं मला ठाऊक होतं. आणि तीन वर्षं मी धरून चालले होते की माझ्या पोराला ते ठाऊक नाही.

आम्ही कुडाळकडचे बाहुलीवाले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या बाहुल्या, त्यांना दोऱ्या, आणि त्यांच्याकडून रामायण. पुरुषांनी दोऱ्या धरायच्या, बायकांनी मागे बसून सूर धरायचा, टाळ धरायची. दोऱ्यांना हात लावायचा नाही. ती टाळ मी बेचाळीस वर्षं धरली. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण लंका कशी पडली हे मला कुणी विचारावं; मास्तर चुकेल, मी चुकणार नाही. आमच्यात आणखी एक रीत आहे. सुरू केलेली गोष्ट संपवायची. सांगणारा मध्येच पडला तर त्याच्या मुलाने त्याच बाहुल्या हातात घेऊन, जिथे तुटली तिथून पुढे न्यायची, रावण मारायचा आणि मोकळं व्हायचं. तोवर बाहुल्यांच्या पेटाऱ्याला दिवा दाखवायचा नाही, दसऱ्याला पूजा नाही, कुणाच्या दारात खेळ नाही. हे गेले त्याला सव्वादोन वर्षं झाली. हे म्हणजे माझा नवरा. ह्यांची शेवटची गोष्ट देवळात अर्धी राहिली, आणि तीन दसरे तो पेटारा माझ्या घरात काळोखात पडून आहे, सुतक न फिटलेल्या माणसासारखा. म्हणून मी ह्या वयात विमानात बसले. राम आणि रावण दोघांना लुगड्यांत गुंडाळून पेटीत घातलं. विमानतळावरच्या पोराने पेटी उघडली, रावणाची एक दोरी ओढून बघितली, दहाच्या दहा तोंडं हलली तसा हसला आणि म्हणाला, “यल्ला,” म्हणजे चल. गुरुवारचं माझं परतीचं तिकीट. खेळ बघितला तो मंगळवार. महिना झाला, दत्ताराम रोज म्हणतो, आये, शुक्रवारी करूया. चार शुक्रवार गेले.

दत्ताराम माझा एकुलता एक. बापाच्या मांडीवर बसून दोऱ्या शिकला आणि विसाव्या वर्षी पाइप जोडायला आखातात आला. अबकैकला तेलकंपनीच्या कॅम्पात एका खोलीत चौघे. त्यांतला एक नसरुद्दीन, मलबारी. त्याच्याकडे म्हणे विलायतेतल्या पाच-सहा विदूषकांचे जुने खेळ भरून ठेवलेले होते. पन्नास वर्षांमागचे, टीव्हीवरचे. सुटाबुटातली माणसं, तोंडं अशी गंभीर की मयताला आलीत, आणि करायचं काय, तर वाट्टेल ते. दत्ताराम मला सांगायचा, आये, कोर्ट भरलेलं असतं, वकील उभा राहतो आणि अंडी उकडायला घेतो, आणि जज्ज फक्त विचारतो, मीठ आहे का. मग ते संपतच नाही. मध्येच कुणीतरी येतो, म्हणतो हे फार झालं, आणि दुसरंच काहीतरी सुरू. मी म्हटलं, त्यांच्या मुलखात शेवट महाग झाले असतील. तो हसला नाही. शुक्रवारी सुट्टी, बाहेर भट्टी, खोलीत चार पुरुष. त्याने कामाचे फाटके हातमोजे आणि वायरींचे तुकडे घेऊन बाहुल्या केल्या आणि त्या विदूषकांसारखे खेळ मेसमध्ये लावायला लागला. माणसं पोट धरून हसायची म्हणे. मला त्याचं दुःख वाटलं. रामाच्या दोऱ्या धरलेली बोटं, हातमोजे नाचवतात. पुढे ह्या मुलखात खेळ-तमाशे मोकळे झाले, रियाधला मुलांचे खेळ करणारी एक कंपनी उभी राहिली, ह्याचा इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, तिथे बदलून झाला, बायको-पोर आली. आता त्याच्या बाहुल्यांना झगमगते दिवे आहेत. त्या मंगळवारी बघितला तो खेळ काय, तर एक उंट कचेरीत येतो, मला माणूस करा म्हणून अर्ज देतो. साहेब म्हणतो, दोन फोटो हवेत, कुबड न दिसणारे. उंट रडतो. तेवढ्यात टेबलाच्या खणातून समुद्र बाहेर येतो, साहेब त्यालाही फॉर्म देतो. कुणी अरबीत बोलतं, कुणी इंग्रजीत. आणि उंटाचं आता काय होणार असं पोरांना वाटायला लागलं की ती म्हातारी येते, मालवणीत ओरडते आणि पडदा. नाकात नथ, कपाळाला माझ्यासारखं रुपयाएवढं कुंकू. सहा वेळा आली. तिसऱ्या वेळेपासून पोरं तिची वाटच बघायला लागली. तिचं डोकं दिसायच्या आधीच किंचाळत होती. सहा वेळा माझी टाळ पडली.

गाडीत मी मागे बसले, पिंकीच्या शेजारी. सून, दर्शना, पुढे. दत्ताराम गाडी हाकत होता आणि शिट्टी घालत होता. माणसाचा खेळ रंगला की तो शिट्टी घालतो, ह्यांचीही खोड तीच. बत्ह्याच्या बाजाराच्या अंगाला गाड्या तुंबल्या होत्या, दुकानांच्या पाट्यांवर आपली अक्षरं, बंगाल्यांची अक्षरं, पैसे पाठवायच्या दुकानांपुढे माणसांच्या रांगा, खुबूस रोट्या भाजल्याचा वास काच बंद असूनही आत. “आये, खेळ कसो वाटलो?” त्याने आरशात बघून विचारलं. “आवशीक नाचवतंस,” मी म्हटलं, “आणि वर कसो वाटलो?” दर्शना म्हणाली, “आई, लोकांना तुमचंच काम सगळ्यात आवडतं हो. मुदीरसाहेब तर म्हणतात, ह्या म्हातारीचा वेगळा खेळ करू.” मुदीर म्हणजे ह्यांच्या कंपनीचा मोठा साहेब. मी म्हटलं, “तुझ्या मुदीराला आई नाही का? तिला उभी कर म्हणावं.” पिंकी खुदकन हसली. मग मी तो प्रश्न विचारला. विचारू नये असं घशापर्यंत आलं होतं, पण माझा घसा माझं कधी ऐकत नाही. “माझो आवाज खयसून घेतलंस?” शिट्टी थांबली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने भोंगा मारला, तरी गाडी तिथेच. “विनोदान धाडलो,” तो म्हणाला. विनोद माझा पुतण्या. “देवळातलो व्हिडिओ. तीन वर्षां झाली, आये. तू माका सांगलंस, बाबांका भोवळ इली, खेळ रवलो.”

सांगितलं होतं. तेच सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर आज इथे सांगते. ऐकणाऱ्याने काय म्हणायचं ते म्हणावं. नवरात्राची सातवी माळ, आरती होऊन गेलेली, देवीसमोर मांड, म्हणजे खेळाची जागा, माणसांनी भरलेला. लंकेचं शेवटचं युद्ध. इकडे राम धनुष्य ताणून उभा, तिकडे रावण रथावर. मी सूर धरला होता. बेचाळीस वर्षांत ह्या जागी ह्यांचा आवाज चढायचा, देऊळ थरथरायचं. त्या दिवशी हे गप्प झाले. रावणाने मान वळवली, हवेचा वास घेतला आणि घरातल्या माणसासारखा म्हणाला, “जरा थांबा हां, माझी कढी उतू जातली.” आणि फिरला. रामाकडे पाठ करून चालायला लागला. मागच्या पोरांत खसखस, मग बायांत. राम तसाच ताणून उभा. एक राक्षस दुसऱ्याला विचारतो, कढी कोकमाची की ताकाची. मला समोरच्या रांगेत मानकऱ्यांची तोंडं दिसली. पण खोटं कशाला बोलू, मला मानकऱ्यांचं भय नव्हतं. मला माझा सासरा दिसला. शेवटी शेवटी तो बांधावर बसून कावळ्यांना पंगत वाढायचा, पाटावर बसा म्हणायचा, त्यांना नावांनी हाका मारायचा. आणि मी, नवी सून, त्याला हाताला धरून घरी आणायचे, आणि अख्खी वाडी माझ्याकडे बघायची. दोन महिने मी बघत होते, हे फोन घेऊन खळ्यात बसतात, एकटेच हसतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. एकदा मला म्हणाले, “बायजे, गोष्ट मध्येच सोडून दिली तर माणसां काय करतली गो?” मी म्हटलं, तुमका काय झाला हा? त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. रक्त रक्ताच्या वाटेनेच जातं. रावण कढी बघायला निघाला तेव्हा माझ्या मनाने म्हटलं, इलो, बापाशीच्या बांधार इलो. मी उभी राहिले. टाळ हातातून सुटली. “पुरे! बंद कर तां!” ह्यांना मी उभ्या जन्मात अरेतुरे केलं नव्हतं, ते देवळात, गावासमोर केलं. आणि माझ्याच हाताने पडदा ओढला. ह्यांच्या बोटांना दोऱ्या तशाच होत्या. माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. लहान पोराने पाण्यात होडी सोडावी आणि आईने ती पाय देऊन बुडवावी, तसं बघितलं. लोकांना मी सांगितलं, भोवळ आली. ह्यांनी मला खोटं पाडलं नाही. तिथल्या तिथे भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. माझी अब्रू राखायला भोवळीचं सोंग आणलं त्या माणसाने.

“बाबांका काय्येक झाला नव्हता,” दत्ताराम गाडी चालवत म्हणाला. आता तो आरशात बघत नव्हता. “त्येंच्या फोनार त्या इंग्रजांचे व्हिडिओ होते, ते माझे. मी धाडलंय. दोन महिने आमी दोगां फोनार तांच करत होतो. बाबा म्हणाले, ह्ये इंग्रज शाने आसत रे, माणसाक वाट बघूक लावतत आणि दार बंद करतत. म्हणाले, आपल्या रावणाक आजपर्यंत कोणी विचारल्यान, तुका मराक वेळ आसा काय?” दर्शना पुढून म्हणाली, “अहो, पोरगी आहे गाडीत.” पिंकी खिडकीतून बाहेर बघत होती, इंग्रजी शाळेतली पोर, पण हे तिला सगळं कळत होतं, तिचे कान माझ्यावर गेलेत. मी म्हटलं, “आणि माका कित्याक सांगलंस नाय?” “तू आदीच आड पडलं असतंस.” “आणि मगे? मी त्येंका डॉक्टराकडे नेलंय तेवा? तेवा तुझी वाचा खय गेली होती?” “डॉक्टराचा तू माका सांगलंसच नाय, आये,” तो म्हणाला. “तू सांगलंस, ताकद कमी झाली, टॉनिक चालू हा.”

टॉनिक. डोक्याच्या डॉक्टराने दिलेल्या पिवळ्या गोळ्या, एक सकाळी, दोन झोपताना. मी स्वतः जिभेवर ठेवायचे आणि तोंड उघडून बघायचे गिळली की नाही. आठवड्यात हसणं थांबलं. मी देवीला नारळ दिला. महिन्यात हात कापायला लागले. पेल्यातलं पाणी सांडायचं, दोऱ्या तर दूरच. मी म्हटलं, वय. डॉक्टर म्हणाला, वय. एकदा दुपारी मी भाकऱ्या थापत होते, हे चुलीकडे तोंड करून बसले होते, बराच वेळ, आणि म्हणाले, “बायजे, माका याड लागलेला नाय गो.” मी म्हटलं, सगळे तसंच म्हणतात. आठ महिन्यांनी गेले. एवढ्या वर्षांत त्या माणसाने स्वतःच्या डोक्यातून काढलेली एकच गोष्ट. बाकी सगळं बापाचं, आज्याचं, पोथीचं. ती एक त्याला सुचली, कुठल्या कुठच्या विलायतेतल्या माणसांच्या वेडेपणावरून सुचली, त्यांची भाषा कळत नसताना सुचली. आणि मी तिच्यावर औषध केलं. ह्याचा दोष मी त्या इंग्रजांना देऊन बघितला, रात्रभर कूस बदलत देऊन बघितला. लागत नाही. त्यांनी त्यांच्या घरात चाळे केले, माझ्या घरात यायचं आमंत्रण माझ्या पोराने दिलं. पोराला देऊन बघितला. तोही पुरता लागत नाही. त्याला ठाऊक होतं मी कशी आहे. माझ्यापासून लपवून करावं असं पोराला आणि नवऱ्याला एकाच वेळी वाटलं, त्याअर्थी त्यात माझंच काही असणार.

बुधवारी सकाळी न्याहारी झाली. पिंकीची शाळा बंद होती, ती जमिनीवर वह्या पसरून बसली होती. मी पेटी उघडली, लुगड्यांतून दोघांना काढलं. रामाला कपाटाच्या कडीला टांगला, धनुष्य ताणलेला. रावणाच्या दोऱ्या मी माझ्या बोटांत घातल्या. दत्ताराम अंघोळ करून आला आणि दारातच थांबला. “आये, बायकांनी...” “तू गप बस,” मी म्हटलं. “तू चार शुक्रवार करतंय करतंय म्हणालंस. बस खाली. जंय तुटली थंयसून मी सांगतंय, फुडची तू घे.” बेचाळीस वर्षं ती बोटं मी मागून बघितली होती, बघून येतं असं वाटतं, येत नाही. रावण लुळ्यासारखा लटकला, मग कसाबसा उभा राहिला. मी सूर लावला. रथ, शंख, धुळीने झाकलेला सूर्य, सगळं म्हटलं, एक ओळ गाळली नाही. दर्शना स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी. आणि मी ती जागा आली तशी रावणाची मान वळवली आणि म्हटलं, जरा थांबा हां, माझी कढी उतू जातली. पिंकी हसली. मोठ्याने, उघड्या तोंडाने हसली. देवळात मागच्या पोरांत झाली तीच खसखस. तेव्हा मला ती दगडासारखी लागली होती. मी रावणाला फिरवलं, चार पावलं नेलं आणि थांबले.

“फुडे?” मी दत्तारामला विचारलं. तो जमिनीकडे बघत होता. “फुडे काय होता रे? रावण कढी बघून येता, मगे?” “माका ठावक नाय.” “दोन महिने करत होतास आणि ठाऊक नाय?” “एवढांच सांगल्यानी. मी कितीदा विचारलंय. म्हणाले, फोनार सांगूची गजाल न्हय ती, बघूक ये.” मग तो खाली बसला, चाळिशीचा माणूस, पोरासारखा. “माका रजा होती, आये. पंधरा दिवसांची होती. मी म्हटलंय, ह्या वर्षी रवांदे, फुडल्या नवरात्राक बगया.” बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. जन्मभर कमी पडलं नाही. पण ते बोलले असते तर आम्ही दोघं सारखे झालो असतो, आणि तसे होतोच.

तो उठला, डोळे पुसले, माझ्याजवळ आला. आता पोरगा नव्हता तो, बाहुलीवाला होता. हळू म्हणाला, “पोथीतलो शेवट करूया, आये. माझ्या हातात दी. तीन ओव्यो, एक बाण. खलास. उद्या तू जातलंस, परवा पेटाऱ्याक दिवो लाव. तू मोकळी, मीय मोकळो.” हात पुढे केला. ह्याच हातासाठी मी महिनाभर थांबले होते. ह्या एका वाक्यासाठी समुद्र ओलांडून आले होते. मी दोऱ्या सोडवायला लागले, दोन बोटांतल्या सोडवल्यासुद्धा. मग वर बघितलं. कडीला राम ताणून उभा. आणि रावणाची त्याच्याकडे पाठ. दहा तोंडं सगळी स्वयंपाकघराकडे, जिथे माझ्या सुनेच्या गॅसवर काहीही नव्हतं.

“तेका वळवतलंस कसो?” मी विचारलं. दत्तारामला कळलं नाही. “पाठीत बाण मारणारो राम नाय आपलो. आदी रावण परत येऊक व्हयो. कढी बघून तो काय म्हणान परत येता, कोणाक काय सांगता, येता की येतच नाय, तां सांग. मगे मार बाण.” त्याने एकदा बापाच्या रामाकडे बघितलं, एकदा माझ्या हाताकडे. त्याला मनगटाच्या एका झटक्यात वळवता आलं असतं, मलाही आलं असतं. लाकूड काय, कसंही वळतं. पण तो हात पुढे आला नाही. “तसो ठेवलंस तर पेटारो कायमचो बंद, आये,” तो म्हणाला. “बाबांचो बापूस, तेचो बापूस, सगळ्यांचो. दिवो नाय, पूजा नाय.” मी म्हटलं, “माका ठावक हा. रीत तुज्यापेक्षा माका जास्त ठावक हा.”

चार वाजता त्याचा खेळ होता. तो गेला. पिंकी माझ्याजवळ सरकली, रावणाच्या पाठीवरून बोट फिरवलं. तिथे रंग नाही, पाठ कधी कुणाला दिसत नाही म्हणून आमचे लोक ती रंगवतच नाहीत, कोरं लाकूड. “आजी, मग कढी का क्या हुआ?” मी म्हटलं, ठाऊक नाही गो. खरंच नाही. ती वह्यांकडे गेली. मी रामाची धनुष्याची दोरी सैल केली, त्याला गुंडाळला. रावणाला मात्र सरळ केला नाही. तो ज्या अंगाला निघाला होता त्याच अंगाला तोंड ठेवून, तसाच पाठमोरा, लुगड्याच्या घडीत ठेवला आणि पेटी लावली.